वाडा वारसा यादीत आला म्हणजे हातचा गेला का?

प्रश्न : ताई, कसबा पेठेत आमचा जुना दोन चौकी वाडा आहे. महापालिकेच्या वारसा यादीत तो श्रेणी तीनमध्ये असल्याचं नुकतंच कळलं. मागच्या सोप्याची तुळई वाळवीने खाल्ली आहे, कौलं गळतात. धाकटे दीर म्हणतात, आता खिळा ठोकायलाही परवानगी लागणार, त्यापेक्षा पडू दे, मग बिल्डर बघेल. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : पडू देऊ नका. पेठांमधले कितीतरी वाडे याच एका वाक्यापायी गेले आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

यादीत नाव आल्याने मालकी जात नाही. वाडा तुमचाच राहतो, फक्त बदल करण्याआधी महापालिकेला विचारावं लागतं. श्रेणी एकच्या वास्तूला जवळपास हात लावता येत नाही. श्रेणी तीनचं तसं नाही. तिथे आतून-बाहेरून बदल, नवा वापर, आवारात वाढीव बांधकामसुद्धा चालतं. मात्र ते मूळ वास्तूला आणि गल्लीच्या रूपाला शोभलं पाहिजे. वारशाच्या अटींमुळे हक्काचं बांधकाम करता आलं नाही, तर त्याबदली टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मागण्याची सोय नियमात आहे. हे दिरांना जरूर सांगा, कारण पैशाचा विचार त्यांच्याही मनात असणार आणि तो चुकीचा नाही.

पण त्याआधी शनिवारवाड्यापासून तुमच्या वाड्याचं अंतर मोजून घ्या. शनिवारवाडा महापालिकेच्या नव्हे, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. तुम्ही १०० मीटरच्या आत असाल, तर वाडा पाडल्यावर तिथे नवं काही उभं राहणारच नाही. दिरांचा हिशेब तिथेच संपतो. दुरुस्तीचा रस्ता मात्र खुला आहे : १६ जून १९९२ पूर्वीच्या घराला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून दुरुस्तीची परवानगी मिळते.

‘धोकादायक इमारत’ अशी महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची नोटीस आली, तर घाबरून सही करू नका, शब्द न् शब्द वाचा. त्या कलमात पाडण्याबरोबरच आधार देणं आणि दुरुस्त करणं हेही लिहिलेलं आहे. आम्ही दुरुस्ती करतो, असं लगेच लेखी कळवा.

एकदा विश्रामबाग वाड्यात जाऊन या. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे महापालिकेचं कार्यालय होतं. महापालिकेच्या वारसा विभागाने त्याच्या जतनाचं काम हाती घेतलं. त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, तुमच्या सुताराला दाखवा.

अर्जासोबत सिटी सर्व्हेचा उतारा, मोजणी नकाशा, प्रत्येक खणाचे फोटो आणि जतनाच्या कामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचा अहवाल जोडा. चुन्यातल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं. तुळईही अख्खी बदलायची घाई नको. खाल्लेला भाग कापून सागवानाचा सांधा देता येतो.

तोवर त्या तुळईला आजच टेकू लावा, कौलांवर ताडपत्री घाला आणि दोन्हींचे तारखेसह फोटो अर्जाला जोडा.