ठरावातला 'आक्षेपार्ह'

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा कार्यकारिणीपुढे मांडायच्या ठरावाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तांबडी पेन्सिल हातात घेतली आणि 'आक्षेपार्ह' हा शब्द आला की त्याला गोल करत गेले. साडेतीन पानांत अकरा गोल झाले. "सोशल मीडियावरील आक्षेपार्ह मजकुरावर शासनाने कठोर नियंत्रण आणावे," हे तर तुझं पहिलंच वाक्य. आक्षेपार्ह कोणाला? ते ठरवणार कोण? याचं उत्तर मला कुठल्याच पानावर सापडलं नाही.

तुझा राग कुठून आलाय ते मला ठाऊक आहे. प्रचाराच्या धामधुमीत आपल्या ताईंचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगावर चिकटवून तो फोटो पंचवटीपासून सिडकोपर्यंत फिरला. त्या रात्री मी त्यांच्या घरी होते. त्यांच्या सासूबाईंनी फोन उपडा करून ठेवला होता आणि तो वाजला की घरातलं सगळं बोलणं थांबायचं. तूही दारात उभा होतास. तो फोटो तीन दिवस तसाच फिरत राहिला. असं पाहिलेल्या माणसाला कायदा कडक हवा असं वाटलं, तर त्यात गैर काही नाही.

पण मी वकील आहे, म्हणून त्या तीन दिवसांचा हिशेब मांडते. २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत मॉर्फ केलेल्या, म्हणजे असा चेहरा जोडून बनवलेल्या, फोटोसाठी स्पष्ट तरतूद होती. ज्याचा फोटो आहे त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी तक्रार केली, की कंपनीने २४ तासांत तो काढायचा. आपण काय केलं? पहिला दिवस निषेधाचं पत्रक काढण्यात घालवला, दुसरा पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज गेला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. ही चूक माझीसुद्धा आहे. मला नियम माहीत होता, पण गर्दीत तो वेळेवर आठवला नाही. म्हणून तुझ्या ठरावात हे आधी येऊ दे: प्रत्येक तालुक्यात अशी तक्रार नीट लिहून देणारी दोन माणसं पक्षाने तयार करावीत. नवं कलम मागायचंच असेल तर ते त्यानंतर माग.

आता 'आक्षेपार्ह'कडे येते. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणाऱ्या कलम ६६अ मध्ये हाच शब्द होता. २००८ च्या दुरुस्तीने ते आयटी कायद्यात आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीने 'हा बंद कशासाठी' अशा अर्थाची फेसबुक पोस्ट टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. लाइक करणारीला सुद्धा! तुझ्याच वयाच्या होत्या त्या. पुढे श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्यातले शब्द इतके मोघम होते, की काय लिहिलं तर गुन्हा होतो हे लिहिणाऱ्यालाही कळत नव्हतं आणि पकडणाऱ्यालाही. एवढं होऊनही त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. ते थांबवा, असं न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

आपल्या पक्षाची भूमिका काय असावी, असं तू विचारलंस. आधी इतरांचं काय झालं ते बघ. मे २०१२ मध्ये राज्यसभेत माकपचे पी. राजीव यांनी इंटरनेटवरचा मजकूर हटवण्याबाबतचे २०११ चे आयटी नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. विरोधी पक्षनेते अरुण जेटली त्यांच्या बाजूने बोलले. तेव्हा नियम काँग्रेसच्या सरकारचे होते. २०१४ ला सत्ता बदलली, आणि नव्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात ६६अ ची पाठराखण केली. २०२० मध्ये केरळात माकपच्याच सरकारने पोलीस कायद्यात ११८अ घातलं. बदनामीकारक पोस्टला तीन वर्षांपर्यंत कैद! लोक इतके खवळले की दोन दिवसांत माघार घ्यावी लागली. आणि कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारने २०२५ मध्ये खोट्या बातम्यांवर सात वर्षांपर्यंत शिक्षेचा मसुदा तयार केला. यातला कुठलाही पक्ष मुळात वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. विरोधात असताना ज्या कलमाची भीती वाटते, तेच सत्तेत आल्यावर सोयीचं वाटू लागतं. आपणही त्याच मातीचे आहोत. म्हणून ठराव लिहिताना प्रत्येक वाक्यातल्या 'शासन' या शब्दाच्या जागी आपल्या सगळ्यात कडव्या विरोधकाचं नाव घालून वाच. वाचताना पोटात गोळा आला तर ते वाक्य काढ.

नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये. १९०९ मध्ये आपल्या बाबाराव सावरकरांना कविता छापल्या म्हणून जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १९१० च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी प्रेस ॲक्ट आणला. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये अनामत मागायची आणि मजकूर पटला नाही की ती जप्त करायची. ज्याने पिस्तूल पाहिलेलंही नाही, अशा जुळारी-मुद्रकाच्या पोटावरही तो पाय आला. मेन रोडवरून जाताना मला अजून तो छापखानेवाला आठवतो, जो मी कधी पाहिलेला नाही.

तरीही 'सरकारने हातच लावू नये' असं लिहिशील तर तेही मी खोडीन. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज फिरत होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे, त्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच रात्री आपल्या मालेगावात तसाच जमाव जमला होता, पण तिथे पोलीस मध्ये पडले आणि माणसं वाचली. तो मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला होता. मी वाचला, खोटा आहे हे ओळखलं, आणि वाद नको म्हणून गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही सलतं. पुढे व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. त्यात कोणाचं तोंड बंद झालं नाही, फक्त वेग कमी झाला. असे उपाय ठरावात मोकळेपणाने माग.

मात्र खरं-खोटं ठरवण्याचा शिक्का सरकारच्या हाती देऊ नकोस. २०२३ मध्ये केंद्राने तेच करू पाहिलं होतं: सरकारी कामकाजाबद्दलची कुठली माहिती खोटी, हे सरकारचाच विभाग सांगणार. आपल्या मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. ते निकाल मिळवून वाच, निदान कारणमीमांसेची पानं तरी. कार्यकारिणीत कोणी ना कोणी उठून म्हणेलच, "मग खोटं पसरवणाऱ्यांना मोकळं सोडायचं का?" त्याला द्यायचं उत्तर तुला तिथे मिळेल. मारहाणीची चिथावणी, बाईचा खोटा फोटो, खंडणी, यांना आजही शिक्षा आहे.

शेवटच्या पानावर, अगदी तळाला, तू घाईत एक ओळ खरडली आहेस: "मजकूर हटवल्यास संबंधित व्यक्तीला लेखी कारण द्यावे व तिचे म्हणणे ऐकावे." सरकार इंटरनेटवरचा मजकूर ज्यांखाली बंद करतं, त्या २००९ च्या ब्लॉकिंग नियमांत गोपनीयतेचं कलम आहे. त्यामुळे आपली पोस्ट का गेली, हे माणसाला कित्येकदा कळतच नाही. एवढ्या मोलाची ओळ तू तळाला का टाकलीस? ती उचलून पहिल्या पानावर आण. तिच्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे, गोल नाही.

रविवारी दहानंतर घरी ये. नवा मसुदा हाताने लिहून आण, टाइप केलेला नको. आणि ताईंना फोन करून त्यांचं मत आधी विचार.

तुझी,
वकील मावशी
नाशिक