बीएसए वापरूनही सोन्याचे नॅनोक्लस्टर लाल का चमकत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) आणि गोल्ड क्लोराइड रात्रभर ढवळलं, सकाळी द्रावण जांभळट झालं होतं आणि यूव्ही टॉर्चखाली काळोखच.

जांभळा रंग दिसला की समजायचं, सोन्याचे कण वाढले. १०-२० नॅनोमीटरचा कण रंग दाखवतो, चमकत नाही. चमकायला कण २ नॅनोमीटरच्या आत राहावा लागतो. २००९ साली सिंगापूरच्या शिए, झेंग आणि यिंग यांनी दिलेल्या कृतीत क्लस्टर, म्हणजे अणूंचा घोस, जेमतेम २५ अणूंचा असतो आणि ६४० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देतो.

मला पहिला संशय तुमच्या कॉस्टिकवर, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडवर आहे. प्रोटीन इथे दोन कामं करतं: त्यातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं आणि सिस्टीन या दुसऱ्या अमिनो आम्लातलं गंधक तयार झालेल्या क्लस्टरला धरून ठेवतं. पण टायरोसिन नीट कामाला लागतं ते पीएच १० च्या वर गेल्यावरच. म्हणून ५ मिलि गोल्ड क्लोराइडचं द्रावण (१० मिलिमोलर) आणि ५ मिलि बीएसए (५० मिग्रॅ/मिलि) ३७ अंशांवर मिसळून दोन मिनिटांनी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा मिलि घालायचं, मग १२ तास ढवळायचं. माझे पहिले दोन घाण जुन्या बाटलीतल्या कॉस्टिकनं वाया गेले. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन ते मवाळ झालं होतं. ताजं केलं आणि तिसऱ्या दिवशी तपकिरी, चहासारखं द्रावण मिळालं. टॉर्च मारला तर कुंकवासारखं लाल! (टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या. नोटा तपासायचे काही स्वस्त टॉर्च ३९५ चे असतात, त्यांचा जांभळा उजेडच डोळ्यात भरतो.)

कॉस्टिक ताजंच असेल तर बीएसए कमी पडतंय का ते बघा. पावडर जोरात ढवळून विरघळवली की नुसता फेस होतो. पाण्यावर भुरभुरून सोडून द्या. आणि गोल्ड क्लोराइडला स्टीलचा चमचा लावू नका. चमचा काळा पडतो, सोनं त्याच्यावरच बसतं आणि हिशोब तिथेच चुकतो. चंबू अम्लराजाने (सोनं विरघळवणारं तीव्र नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण) धुतला नसेल तर जुन्या कणांच्या डागांवरही नवं सोनं जाऊन बसतं.

अंड्याच्या पांढऱ्यानं होईल का, असंही विचारलंय. होतं, त्यातल्या लायसोझाइमपासूनही लाल चमकणारे क्लस्टर बनवलेले आहेत. पण आधी बीएसएनं हात बसवा.