आजोबांचा खटला पुन्हा चालेल का?

प्रश्न : माझ्या आजोबांना १९५६ साली खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. हायकोर्टाने अपील फेटाळले. शिक्षा भोगून सुटल्यावर काही वर्षांनी ते वारले. आता माळ्यावरच्या ट्रंकेत एका साक्षीदाराने त्यांना पाठवलेले कार्ड सापडले आहे : ‘कोर्टात मी खोटे बोललो, माफ करा.’ खटला पुन्हा चालवून आजोबांना निर्दोष ठरवून घेता येईल का? खरा खुनी कोण, ते गावाला ठाऊक होते. त्याचे नाव मी लिहिणार आहे.

उत्तर : कार्डाचा फोटो पाहिला. शाई उडाली आहे, पण टपालाचा शिक्का वाचता येतो. ते लॅमिनेट करू नका. शाई-कागदाची तपासणी मग अवघड होते.

कोर्टाची आशा मात्र मी तुम्हाला लावणार नाही. निकालावर सही झाली की लेखनातली किंवा हिशेबाची चूक सोडून कोर्ट त्याला हात लावत नाही. अपील चालू असताना आरोपी वारला तर जवळच्या नातलगाला ३० दिवसांत ते पुढे चालवण्याची परवानगी मागता येते. आजोबांचे अपील त्यांच्या हयातीतच संपले. महाराष्ट्रातल्या एका खुनाच्या खटल्यात २००९ साली ज्या सहा जणांना फाशी सुनावली, त्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निर्दोष सोडले खरे, पण ते जिवंत होते आणि दाद त्यांनीच मागितली होती. गांधीहत्येचा नव्याने तपास करा, ही याचिका त्याच न्यायालयाने २०१८ साली फेटाळली.

म्हणून आधी निकालपत्र मिळवा. सेशन्स कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा, हायकोर्टातही करा. जबाब, पंचनामे कदाचित नष्ट झाले असतील. निकालपत्र हाती आले की एकच गोष्ट शोधा : न्यायाधीशांनी या साक्षीदारावर किती भिस्त ठेवली? शिक्षा दुसऱ्याच पुराव्यावर उभी असेल तर कार्डाचे वजन घटते. हे वाचताना तुम्हाला त्रास होईल, तरी वाचा.

लिहिण्याबद्दल. निकाली खटल्याच्या गुणदोषांवर आणि साक्षीदाराच्या वागण्यावर सद्भावनेने मत मांडायला बदनामीच्या कायद्यात मुभा आहे. कार्ड छापा, निकालपत्रातले उतारे शेजारी ठेवा. पण ‘खरा खुनी’ म्हणून कुणाचे नाव घालू नका. मृताचीही बदनामी होऊ शकते, आणि ऐकीव गोष्टीवर दुसऱ्या घराच्या आजोबांना खुनी ठरवणे म्हणजे तुमच्या घरावर झालेलाच अन्याय त्यांच्यावर करणे.

खटल्याचा क्रमांक नसेल तर ती ट्रंक पुन्हा उपसा. सुटकेचा कागद किंवा वकिलाची पावती मिळाली, तर अर्जाला तेवढा आधार पुरेल.