कुत्र्याच्या नाकाचं रेडिएशन सुरू होतंय? आधी डोळे बघा
ताई, घाबरू नका. नाकातल्या गाठीवरच्या रेडिएशनमध्ये (किरणोपचारात) कुत्र्याचे डोळे किरणांच्या वाटेतच येतात, म्हणून सुरुवातीला एवढंच करा:

– पहिल्या सेशनआधी अश्रू मोजणारी शर्मर टेस्ट करून घ्या. पुढचा कोरडेपणा त्याच आकड्याशी ताडता येतो.
– कृत्रिम अश्रूंचे थेंब कितीदा घालायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. डोळा लाल व्हायची वाट पाहू नका.
– पंजाने चोळतोय? गळ्यात कोन (डोक्याभोवतीची प्लास्टिकची कॉलर) घाला, रुसला तरी.

नवखे हमखास घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब घालतात. बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते. डोळा मिटून धरला, पिवळट चिकटा आला, तर त्याच दिवशी दाखवा. रिक्षातून तोंड बाहेर काढू देऊ नका, मुंबईची धूळ वाईट. मोतीबिंदू उशिरा येतो, त्याचं नंतर बोलू.