मामा तलावाच्या संवर्धनाचा आराखडा करायचा आहे. स्थानिक सल्लागार कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मामा तलावासाठी (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला गावतलाव) तुमच्या संस्थेला निधी मिळालाय, तीन महिन्यांत आराखडा द्यायचाय आणि त्यासाठी जवळपासचाच माणूस हवाय. मी शेजारच्या साकोली भागात दोन तलावांवर हे काम केलं आहे. पहिल्या वेळी सल्लागार निवडताना आम्ही चुकलो. ती चूक तलावाला भोगावी लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या तीन महिन्यांविषयी. निधी देणाऱ्यांशी बोलून मुदत वाढवून घ्याच. तलाव एका भेटीत कळत नाही. मे महिन्यात त्याचं पोट उघडं पडतं, तेव्हाच गाळ किती साचलाय आणि बेशरम हे तण कुठवर शिरलंय ते दिसतं. पहिल्या दमदार पावसात नाल्यानं मासे चढणीला लागतात. ते कोणत्या वाटेनं चढतात हे पाहायला त्याच दोन-चार दिवसांत तिथं असावं लागतं. भाद्रपदात तलाव भरला की सलंगावरून (जादा पाणी वाहून जायच्या सांडव्यावरून) पाणी कुठं जातं ते समजतं, आणि बाहेरगावची बदकं तर थंडीतच मोजता येतात. जो सल्लागार जानेवारीत दोनदा येऊन मार्चमध्ये आराखडा देतो म्हणेल, त्याला नमस्कार करून परत पाठवा.

आमचा पहिला सल्लागार असाच होता. शिकलेला, बोलायला चांगला, नकाशे सुबक. त्यानं सुचवलं की सगळा तलाव एकसारखा खोल करायचा, पाळीला (तलावाच्या बांधाला) आतून दगड लावायचे, नाला जिथं तलावात उतरतो तिथं गाळ अडवायला सिमेंटची भिंत बांधायची. आम्हाला ते पटलं. यंत्रं लावून निम्मं काम झालंसुद्धा. पुढच्या पावसात ढिवर म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या मोहल्ल्यातले एक आजोबा मला त्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "चढण बंद केली ना तुम्ही." भिंतीच्या खालच्या अंगाला मासे गोळा झाले होते, वर जायला वाट नव्हती. आणि ज्या काठाला आधी घोटाभर, मग गुडघाभर असं पाणी वाढत जायचं, तिथं पहिल्याच पावलाला छातीभर पाणी झालं होतं. उथळ पाण्यातलं देवधान (रानभात) गेलं. त्यात चरणारी बदकंही त्या बाजूला येईनाशी झाली. भिंत आम्ही फोडून घेतली, पण उतार परत करता आला नाही. आजही तिकडून जाताना जिवाला लागतं.

त्या सल्लागाराला धरणाचं ज्ञान होतं, पण तो एकदाही पाण्यात उतरला नव्हता आणि जे रोज उतरतात त्यांच्याशी बोललाही नव्हता.

दुसऱ्या तलावाच्या वेळी आम्ही मुलाखत खोलीत घेतलीच नाही. तिघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, अर्ध्या दिवसाची मजुरी दिली आणि सोबत तलावाला फेरी मारली. तिसऱ्यानं पायांतल्या चपला काढल्या, डोंग्यात बसला आणि ढिवर बाईला प्रत्येक वनस्पतीचं नाव विचारत गेला. तुडूम (पाणी सोडायचं दार) कधीपासून फुटलंय, पाणी सोडायचा निर्णय कोण घेतो, मत्स्यबीज कुठून आणता, त्यात गवत्या मासा असतो का, हे त्यानंच विचारलं. गवत्या सोडला की तो पाण्यातली हिरवळ खाऊन टाकतो, आणि तिथं मग देशी मासे अंडी कुठं घालणार? त्यालाच आम्ही नेमलं. तो तालुक्याच्याच गावचा, वनस्पतिशास्त्र शिकलेला. करारात त्याच्यासोबत दोन जाणते ढिवर आणि एक बाई यांचं रोजचं मानधनही लिहिलं, आणि आराखड्यावर चौघांची नावं टाकली. हे नक्की करा. त्यांच्याकडून माहिती फुकट काढून अहवालात 'स्थानिकांच्या मते' असं लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

कागदांची पारख वेगळी करावी लागते. आपल्या पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजातल्या लोकांनी बांधले, आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले. शंभर हेक्टरपेक्षा कमी सिंचनाचे बहुतेक तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, आणि पोटातल्या गाळपेरीवर (पाणी ओसरल्यावर गाळात होणाऱ्या पेरणीवर) आणखी कोणाचा तरी हात. उमेदवाराला विचारा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही गावाची जुनी महसुली कागदपत्रं पाहिलीत का? त्यात गावाचे पाण्यावरचे, वाटेचे, मासळीचे हक्क नोंदलेले असतात. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल आणि तलाव त्यात येत असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या मासळीचाही हक्क आहे, तेव्हा ग्रामसभेला वगळून आराखडा होऊच शकत नाही.

आणखी एक प्रश्न विचारा: पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत हा तलाव बसतो का? खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे त्या नियमांतून वगळले आहेत. तेव्हा 'पाणथळ जागेची अधिसूचना काढून देतो' असं आधीच आश्वासन देणारा एक तर नियम वाचलेला नाही, किंवा तुमचं मन राखतोय.

स्थानिक म्हणजे निःपक्ष, असं मात्र धरून चालू नका. गावात सगळेच कोणाचे ना कोणाचे भाऊबंद असतात. आराखडा करणाऱ्याचा खोदकामाच्या ठेक्याशी काही संबंध नसावा, त्याच्या घरच्यांची तलावाच्या पोटात शेती नसावी. हे तोंडावर विचारायला संकोच वाटतो, पण विचारा आणि करारात लिहून घ्या. गाळ काढायचाच असेल तर 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तो शेतात नेता येतो. पण किती काढायचा आणि कोणता काठ उथळ ठेवायचा हे खोदकामाच्या आधी खुंट्या मारून ठरलेलं असावं. तुमच्या जिल्ह्यात सारस उतरतो. त्याला उथळ पाणी आणि भाताची बांधी दोन्ही लागतात, म्हणून आराखडा पाळीवर संपू नये.

पैसे आम्ही भेटींच्या हिशेबानं दिले: थोडे सुरुवातीला, मग उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांच्या नोंदी हाती आल्यावर एकेक हप्ता, आणि शेवटचा ग्रामसभेत आराखडा मराठीत वाचून दाखवल्यावर. त्या सभेत लोकांनी दोन जागा बदलायला लावल्या आणि त्या बदलल्या.

तुमचा तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की पाटबंधारे विभागाकडे, ते कळवा. परवानगीची वाट त्यावरून बदलते. आम्ही ज्या वाटेनं गेलो ती सांगता येईल, आणि आमच्या कराराचा मसुदाही देईन.