वडिलांच्या मिलिटरी रेकॉर्डमध्ये आईचं नाव वेगळं आहे, आता दुरुस्त होईल का?

होईल. पण वडील हयात आहेत तोवरच करा, हे सगळ्यात आधी सांगते, बाकी सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय की वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून १९८७ ला नायक म्हणून रिटायर झाले, आता ७८ वय, गुहागरला घरीच असतात. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आईचं नाव सुमती आणि आधार, पॅन, रेशनकार्ड सगळीकडे सुप्रिया, वर आईची जन्मतारीख पीपीओवर कुठेच नाही. बँकेत विचारलं तर म्हणाले आता काही अडत नाहीये, वेळ आली की बघू. तर ती वेळ आमच्यावर येऊन गेलीय, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, वाचून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यातले. माझ्या आईचं माहेरचं नाव शेवंता. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, सुहासिनी. पण बाबा लग्नाची सुट्टी संपवून युनिटला गेले आणि तिथे क्लार्कने बायकोचं नाव काय म्हणून विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडात जे नाव होतं तेच त्यांनी सांगितलं, आणि क्लार्क मराठी नव्हता त्याने शेवंताचं शेवंती केलं. बस, तेव्हापासून सगळ्या सरकारी कागदांत बाबांच्या बायकोचं नाव शेवंती आणि गावात शेवंती नावाची कुणी बाईच नाही. आपल्याकडे कोकणात निम्म्या फौजी घरांत हाच घोळ असणार, माहेरचं एक सासरचं एक.

बाबा २०१८ च्या श्रावणात गेले. फॅमिली पेन्शनसाठी मी आईला घेऊन बँकेत गेले, काउंटरवरच्या मुलाने पीपीओ बघून विचारलं शेवंती कोण? आई म्हणाली, "शेवंता मियाच. पण त्या नावान हाक मारणारे सगळे गेले." त्या पोराकडे त्याच्यावर काही उत्तर नव्हतं आणि चूक त्याची पण नव्हती. अकरा महिने पेन्शन नाही. त्यात एक चतुर्थी आली, ती कशी केली ते आमचं आम्हाला माहीत. पुढे एरियर्स सगळे मिळाले, पण ते अकरा महिने ज्या बाईने बावीस वर्षं नवऱ्याची वाट बघत संसार केला तिला मी त्याचीच बायको हे सिद्ध करत फिरावं लागलं, हे मला अजून पचलेलं नाही.

आता कामाचं. नाव बदलण्याचा अधिकार बँकेला नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पण नाही, तो फक्त वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. तुमचं बेळगाव. (दुसरं कुणी वाचत असेल तर, महार रेजिमेंटचं सागर मध्य प्रदेश, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स खडकी, सिग्नल्स जबलपूर, ईएमई म्हणजे फौजेचे इंजिनियर-मेकॅनिक त्यांचं सिकंदराबाद, आणि नेव्हीवाल्यांचं मानखुर्दला चीता कॅम्प.) डिस्चार्ज बुकवर, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेवर, रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का असतोच. अर्ज वडिलांच्या नावाने, वडिलांच्या सहीने जायला हवा, मुलाने माझे वडील असं असं म्हणून लिहिलेला अर्ज नको. वर सर्व्हिस नंबर, रँक, नाव, आणि नंबरच्या शेवटचं इंग्रजी अक्षर विसरू नका, ते अक्षर नंबरचाच भाग असतं. आमच्या घरी बाबांची काळी ट्रंक आहे, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव लिहिलेलं, त्यात शेवटचं अक्षर पुसट झालेलं आणि मी अंदाजाने लिहिलं, तिथेच पहिला अर्ज परत आला. डिस्चार्ज बुकवरूनच उतरवा.

अर्जासोबत डिस्चार्ज बुकची सगळी पानं, पीपीओ, असतील तर नंतरचे करिजेंडम (म्हणजे दुरुस्तीचे) पीपीओ, दोघांचं आधार, पॅन, बँक पासबुक, माजी सैनिक ओळखपत्र, जॉइंट फोटो. आईचा शाळेचा दाखला मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात माहेरचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही मिळतात. माझ्या आईची शाळा चौथीपर्यंतची, तरी जुन्या रजिस्टरमध्ये नाव सापडलं, मास्तरांनी दुपारभर बसून शोधलं, पानं बुरशीने चिकटलेली होती. तेव्हा विचारून बघा, नसेलच असं धरून चालू नका.

मग अॅफिडेव्हिट. सुमती आणि सुप्रिया ही एकच बाई आहे आणि ती माझी कायदेशीर पत्नी आहे, असं वडिलांचं. हे नोटरीचं चालेल असं कोणी सांगेल, आमचं नोटरीचं परत आलं होतं, मॅजिस्ट्रेटसमोर केलेलंच मागितलं. म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसला फोन करून त्यांची कागदांची यादी आणि अॅफिडेव्हिटचा नमुना मागून घ्या, प्रत्येकाचा नमुना थोडा वेगळा असतो. साधारणपणे दोन पेपरांत जाहिरात पण मागतात, एक मराठी एक इंग्रजी. जाहिरातीचं कात्रण कापून ठेवू नका, अख्खं पान ठेवा, तारीख आणि पेपरचं नाव दिसायला हवं. आणि स्पेलिंग! अॅफिडेव्हिट, जाहिरात, आधार, अर्ज, चारही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग एकसारखं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नवी दुरुस्ती मागे लागते.

आईची जन्मतारीख याच अर्जात घालून घ्या, वेगळा अर्ज नको. लोकांना वाटतं जन्मतारखेला काय एवढं. फॅमिली पेन्शनवर असलेल्या बाईला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० ला दुप्पट. रेकॉर्डमध्ये तारीखच नसेल तर ती वाढ आपोआप लागणार कशी? आमच्या वाडीत एक आजी आहे, ऐंशी कधीच ओलांडली, पण तिची तारीख कुठेच नाही म्हणून ती वाढ तिला मिळत नाही आणि घरच्यांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

वडिलांच्या स्वतःच्या जन्मतारखेत फरक असेल तर मात्र उलट करायचं. फौजेच्या रेकॉर्डमधली तारीख रिटायरमेंटनंतर बदलून मिळेल अशी आशा ठेवू नका, आधारच रेकॉर्डप्रमाणे करून घ्या.

एक आपल्याकडची खास गोष्ट, तुमच्या नाही पण सिंधुदुर्गातल्यांच्या उपयोगाची. जुन्या डिस्चार्ज बुकवर जिल्हा रत्नागिरी असतो आणि आधारवर सिंधुदुर्ग. ही चूक नाही, सिंधुदुर्ग जिल्हा झालाच १९८१ मध्ये. तसंच रायगडवाल्यांच्या कागदांवर कुलाबा असतं. माझ्या काकांनी यासाठी उगाच अॅफिडेव्हिट करून पैसे घालवले. पत्त्याबद्दल कोणी विचारलंच तर तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जोडा.

कागद तयार झाले की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. अधिकार नसला तरी तिथली माणसं रोज हेच करतात, काय कमी आहे ते बघून सांगतात, त्यांच्या शिफारशीने अर्ज पुढे जातो. एजंटला एक रुपया देऊ नका, या कामाला एजंट लागतच नाही. बेळगावला जमलं तर एकदा स्वतः जाऊन या, गुहागरहून लांब पडतं खरं, आमच्याकडून सावंतवाडी-आंबोलीमार्गे एसटी आहे, समोर बसून दहा मिनिटांत जे कळतं ते पत्रातून तीन महिन्यांत कळत नाही. नाहीतर स्पीड पोस्ट, पावती आणि पूर्ण सेटची झेरॉक्स घरी.

पुढे काय होतं ते नीट समजून घ्या कारण बहुतेक जण इथेच थांबतात. रेकॉर्ड ऑफिस आधी पार्ट टू ऑर्डर काढतं, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डमध्ये बदल झाला. त्याचं पत्र घरी येतं आणि लोक खूश होऊन फाइल बंद करतात. पण पेन्शन देणारं प्रयागराजचं ऑफिस, त्यांच्याकडे तोच बदल जाऊन करिजेंडम पीपीओ निघाला पाहिजे, तो हातात येईपर्यंत काम झालेलं नाही. आमच्या वेळी पेन्शन बँकेतून यायची, आता बहुतेकांची स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर गेलीय, तर वडिलांचं स्पर्श लॉगिन चालू आहे का बघा, नसेल तर सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामांच्या केंद्रावर) करून मिळतं, आणि शेवटी तिथल्या प्रोफाइलमध्ये आईचं नाव, जन्मतारीख, आधार बरोबर दिसतंय का ते डोळ्यांनी बघा. आमच्या पीपीओवर "शेवंती उर्फ सुहासिनी" असं छापून आलं. आईने मला ते दोनदा वाचायला लावलं.

दोन-तीन महिने काहीच उत्तर नाही आलं तर आधी आठवणपत्र, मग आरटीआय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, प्रश्न एकच, अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कारवाई झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. केंद्राच्या तक्रार निवारणाच्या पीजी पोर्टलवर पण तक्रार टाकता येते. अगदीच नाकारलं तर मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, पण नावाच्या दुरुस्तीला तिथवर जायची वेळ सहसा येऊ नये.

आणि हो, वडिलांचा हात थरथरत असेल, सही बँकेतल्या सहीशी जुळत नसेल तर ओढूनताणून सही करायला लावू नका. डाव्या हाताचा अंगठा घ्या, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यातला एक माजी सैनिक असला तर उत्तम. अॅफिडेव्हिटला त्यांना स्वतः जावं लागेल, तेव्हा पाऊस उघडला की लगेच तारीख ठरवा, शिमग्यापर्यंत ढकलू नका.