हे तक्ते कुठून आणलेस?

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. उत्पादन बंद झालेल्या एका कॅमेऱ्याच्या फायली उघडणारा डिकोडर तू लिहिलास, चित्र स्वच्छ येतंय, आणि शाबासकी राहिली बाजूला, मेंटेनरने, म्हणजे आलेला कोड तपासून आपल्या मुक्त प्रकल्पात घेणाऱ्याने, एवढंच विचारलं की हे हफमनचे तक्ते (बिटांचा कुठला गट कुठल्या आकड्यासाठी ते सांगणारे) आले कुठून? तू दुखावलीस. ‘मला चोर समजतात का?’ असं लिहिलं आहेस. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि इतक्या नम्रपणे तर नक्कीच नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. आपल्याकडे पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आला की आधी मूळच विचारायचं. प्रत्येक ओळ, प्रत्येक तक्ता, प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगता आलं पाहिजे. बाकीचं नंतर होतं. कोडची शैली सुधारता येते, वेग वाढवता येतो, असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या भाषेतला कोड) दुसरं कोणी लिहून देतं. मूळ मात्र जिने लिहिलं तिलाच ठाऊक असतं, आणि तिलाही फार दिवस नाही.

तू म्हणतेस, तक्ते ‘नेटवर मिळालेल्या एका झिपमध्ये होते’. अगं, हे काय उत्तर झालं? ती झिप म्हणजे कंपनीची बाहेर फुटलेली एसडीके (डेव्हलपरसाठीचा कोडचा संच) असेल, तर त्यातला कोड आम्हाला द्यायचा अधिकार तुला नाही आणि घ्यायचा आम्हाला नाही. कोणी कंपनीची डीएलएल (तयार बायनरी फाइल) उलगडून तक्ते काढले असतील तर गोष्ट वेगळी. युरोपात 1991 च्या निर्देशाने दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यापुरतं, ठरावीक अटींवर, डीकंपाइल करायला, म्हणजे तयार प्रोग्राम उलटा उलगडून बघायला, मुभा दिली. अमेरिकेत 1998 चा डीएमसीए कायदा डिजिटल कुलूप फोडणाऱ्याला आडवा येतो. आणि नमुन्याच्या फायली घेऊन, बिट शेजारी शेजारी मांडून तू स्वतः ते शोधले असशील, तर कोणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. तिन्ही वेळा तक्त्यातले आकडे तेच निघतील. बघणाऱ्याला काही फरक दिसणार नाही, म्हणून तर विचारावं लागतं.

हे कायद्यापुरतंच आहे असं समजू नकोस. तुझ्या डीमक्सरमध्ये (फाइलमधून चित्र आणि आवाज वेगळे काढणाऱ्या भागात) व्हिडिओच्या प्रत्येक वेळेत 40 मिळवणारी एक ओळ आहे. शेजारी टिप्पणी: ‘आवाज जुळवण्यासाठी’. हा 40 कुठून आला? मी सांगतो. त्या फायलींत बी-फ्रेम आहेत, म्हणजे चित्रं उलगडायचा क्रम वेगळा आणि दाखवायचा वेगळा. तू उलगडायची वेळ, डीटीएस, हीच दाखवायची वेळ धरलीस, त्यामुळे चित्र एक फ्रेम आधी येऊ लागलं. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. तुझ्याकडच्या सगळ्या फायली 25 च्या होत्या, म्हणून जुळलं. उद्या कोणी 30 ची फाइल आणली की एक फ्रेम म्हणजे 40 नाही, आणि हिशोब चुकला. 40 टाकताना तू स्वतःलाच ‘कुठून?’ विचारलं असतंस तर पीटीएस, म्हणजे दाखवायची वेळ, नीट काढला असतास आणि ती ओळ लागलीच नसती.

उलट प्रकारही पाहिला आहे. एका जुन्या कोडमध्ये वेळेच्या आकड्यावर दोन ओळींची तपासणी होती. टिप्पणी नाही, कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची नोंद, फक्त ‘फिक्स’. एकाने निरुपयोगी समजून ती काढली. सगळ्या चाचण्या पास. रात्रंदिवस चालणारं प्रक्षेपण दुसऱ्या दिवशी गोठलं. प्रक्षेपणात वापरतात त्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये वेळ 33 बिटांत, सेकंदाला 90,000 ठोके या हिशोबाने ठेवतात. साधारण साडेसव्वीस तासांनी आकडा भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ती तपासणी त्यासाठीच होती. साडेसव्वीस तास चालणारी चाचणी कोण ठेवतो! आणि ज्याने ती लिहिली तो केव्हाच दुसऱ्या कामाला लागला होता.

‘पण चित्र बरोबर येतंय ना?’ हे वाक्य तुझ्या पत्रात दोनदा आहे. मला त्याची चीड येते. 2023 मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीमधला जो दोष निघाला तो हफमन तक्त्यांचाच होता. तक्त्यासाठी जागा राखली होती ती नियमात बसणारे कोड गृहीत धरून. मुद्दाम बिघडवलेली फाइल त्या हिशोबात बसली नाही आणि लिखाण राखलेल्या जागेबाहेर गेलं. सगळे मोठे ब्राउझर घाईघाईने दुरुस्त करावे लागले. त्याआधी कित्येक वर्षं चित्र अगदी बरोबरच येत होतं.

परवान्यांचं थोडक्यात. एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ-आवाजाचं ते मुक्त सॉफ्टवेअर, मुळात एलजीपीएल या सैल परवान्याखाली. एक्स264 (व्हिडिओ एन्कोडर) जोडलंस की सगळी बांधणी जीपीएल या कडक परवान्याखाली जाते. त्यातच एफडीके-एएसी (आवाजाचा एन्कोडर) घातलंस तर परवाने जुळत नाहीत, ती बायनरी कोणाला वाटायचीच नाही. बांधणीआधीच्या कॉन्फिगरच्या पर्यायांत हे स्पष्ट दिसतं. लोक वाचत नाहीत, एवढंच.

मूळ माहीत असलं की काय होतं, ते लेमकडे बघ. हा एमपी3 एन्कोडर 1998 मध्ये आयएसओ या मानक संस्थेच्या नमुना कोडवरचा पॅच म्हणून सुरू झाला. 2000 मध्ये त्यातली आयएसओची शेवटची ओळही बदलून झाली. कुठली ओळ कोणाची हे कळत होतं, म्हणून बदलता आली. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर 2011 च्या सुरुवातीला ॲपलच्या ॲप स्टोअरमधून बाहेर गेला, कारण जीपीएल आणि स्टोअरच्या अटी जुळत नाहीत अशी हरकत त्याच्याच एका डेव्हलपरने घेतली. पुढे त्याचं इंजिन एलजीपीएलमध्ये न्यायचं ठरलं तेव्हा कितीतरी जणांना शोधून परवानगी मागावी लागली. विचार कर, इतिहासात नावंच नसती तर मागायची कोणाकडे?

लोक मला हटवादी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. माझ्या बरोबरीने वाढलेल्या एका मित्राने डीइंटरलेसिंगचा (एकाआड एक ओळींत आलेलं चित्र अखंड करण्याचा) एक फिल्टर आणला होता, आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान. तसाच फिल्टर त्याने नोकरीत कंपनीसाठी लिहिला होता. ‘दोन्ही मीच लिहिलेत, हात एकच आहे,’ असं त्याचं म्हणणं. मी कंपनीचं लेखी पत्र मागितलं. त्याला ते मिळालं नाही, मी पॅच घेतला नाही, तो फोर्क करून, म्हणजे कोडची स्वतःची वेगळी शाखा काढून, निघून गेला. तो फोर्क आजही चालतो, झकास चालतो, आणि कोणी त्याच्यावर खटला भरलेला नाही. हे मला वरचेवर ऐकवलं जातं. ऐकवू देत. माझ्या सहीने निघालेली आवृत्ती पुढे कोणाच्या टीव्हीत, कोणाच्या इस्पितळातल्या यंत्रात जाऊन बसते ते मला कळत नाही. त्यातल्या प्रत्येकाला मी न बोलता एक हमी दिलेली असते. मैत्री गेली याचं वाईट वाटतं. पॅच परत आला तर पत्र पुन्हा मागेन.

पेटंटपुढे माझं तत्त्व लंगडं पडतं, हे तू काढायच्या आधी मीच सांगतो. तू एकटीने, कोणाचंही न बघता शोधलंस तरी पेटंट लागू होतंच. तिथे मूळ सांगून सुटका नाही. एमपी3 चा परवाना कार्यक्रम बंद व्हायला 2017 उजाडलं. एचईव्हीसी हा व्हिडिओ फॉरमॅट 2013 मध्ये आला आणि पैसे मागायला एक सोडून तीन गट उभे राहिले. त्या त्रासाला कंटाळूनच मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि 2018 मध्ये त्यांचा एव्ही1 हा फॉरमॅट बाहेर पडला. तरी गंमत बघ: सिस्को कंपनीचं ओपनएच264, म्हणजे एच264 व्हिडिओचा कोड. सोर्स सगळ्यांना खुला, पण पेटंटचे पैसे सिस्को भरते ते तिने स्वतः बांधून वाटलेल्या बायनरीपुरते. तोच सोर्स तू घरी कंपाइल केलास तर ते कवच तुला नाही. म्हणजे तिथेही ‘कुठून आणलंस?’ सुटत नाही. असो, मी माझीच बाजू मांडत बसलो.

आता कामाचं. झिप बघितलीस ती बघितलीस, ते पुसता येणार नाही. म्हणून तक्त्यांची फाइल तू लिहू नकोस. फॉरमॅटचं वर्णन साध्या गद्यात लिही: हेडर किती बाइटचं, ब्लॉक कसे लागतात, कुठल्या फायलींवर काय तपासलंस. कोड एकही ओळ नको आणि झिपमधला एकही आकडा नको. ती झिप न पाहिलेलं कोणी त्या वर्णनावरून आणि नमुन्याच्या फायलींवरून तक्ते नव्याने काढेल. माझ्याकडे असं एक नाव आहे, विचारून कळवतो. डीमक्सर तुझा स्वतःचा आहे, तो वेगळा पॅच करून आजच पाठव, 40 काढून. मेंटेनरना झिपबद्दल जे खरं आहे ते दोन ओळींत लिही, रागाचं एक अक्षर नको. आणि नमुन्याच्या फायली कोणी दिल्या, त्या वाटायला त्यांची हरकत नाही ना, हेही विचारून घे. चाचणी संचात त्या लागतील.

तुझा,
हटवादी